वानोळ्याच्या वाट्या

जयंतीचा मंडप उतरला की आमच्याकडे मसाल्याचे दिवस लागायचे. तारीख कुणी ठरवत नसे. मंडपाचे बांबू ट्रकवर चढले, निळ्या पताका तारांवर अडकलेल्या तेवढ्या राहिल्या, की दोन-चार दिवसांत आमच्या मजल्यावर कुणीतरी लालबागहून मिरच्या आणायचं आणि पॅसेजमध्ये पहिली शिंक ऐकू यायची. त्या शिंकेवरून बाकीच्या घरांना कळायचं, की चला, सुरुवात झाली. यंदाही मंडप उतरला. मी अठराव्या मजल्याच्या खिडकीतून ते बघत होते आणि कान उगाचच दाराबाहेर लागले होते. बाहेर अर्थात काहीच नव्हतं. पॅसेजला आता लॉबी म्हणतात, आणि लॉबीत शिंकायला कुणी थांबत नाही.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. आता तिच्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधले. मधली काही वर्षं चिंचपोकळीला भाड्याच्या खोलीत काढली. घरात दोघीच, मी आणि आई. मी पन्नाशी ओलांडलेली, ऑफिसला जाणारी. आई ऐंशीकडे झुकलेली. नवं घर छान आहे. "संडास घरात आहे," हे वाक्य आई पाहुण्यांना अजूनही मोठ्यानं सांगते, आणि ज्यांनी जन्मभर बादली घेऊन रांग लावली त्यांना त्यातलं सुख समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा चाळ गेली म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. माझी तक्रार एकच होती. चाळ सोडल्यापासून आईचं जेवण तुटलं होतं.

अर्धी भाकरी, जरासा भात, आणि "बास गं." डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून नीट बसवून दिली. कशानं काही फरक पडेना. मी विचारायची, "माझ्या हातचं आवडत नाही का?" तर म्हणायची, "तुझ्या हाताला काय झालंय? चव नाय मसाल्याला." मग मी पाकिटं बदलून बघितली. सगळ्या कंपन्यांची एकेक करून आणली. प्रत्येक वेळी आई पहिला घास घ्यायची, मान हलवायची आणि परक्या घरी जेवायला बसल्यासारखी शहाण्यासारखी चार घास खाऊन उठायची. तिचं ते शहाण्यासारखं खाणं मला बघवत नसे. माझी आई ही ताटात वाकून, बोटं चाटत, मध्येच ठसका लागला तर पाणी पिऊन पुन्हा जेवणारी बाई.

मला स्वतःला आठवायची ती रविवारची सुकट. वांग्याच्या मोठ्या फोडी, त्यात भाजून निवडलेली सुकट, आणि वरून तो लालभडक मसाला. पातेल्यावर ताटली, ताटलीत पाणी. ते पाणी उकळायला लागलं की आम्ही भावंडं स्टोव्हच्या भोवती गोळा व्हायचो. तशी सुकट मी पुढे स्वतः केली, मैत्रिणींकडे खाल्ली, दादरच्या नावाजलेल्या खानावळीत मागवून बघितली. बरी होती सगळी. पण ती नव्हे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ही आईच्या हातची चव आहे आणि तिच्या हातांबरोबरच ती जाणार. माणसानं असं एकदा ठरवलं की तो पुढची चौकशी करत नाही.

मसाल्याचे दिवस म्हणजेच परीक्षेचे दिवस. आमच्या मजल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळायच्या आणि त्यांची राखण करायला मुलांना बसवायचे, कारण अभ्यासही तिथंच होईल असा बायकांचा हिशोब. जुन्या चादरींवर मिरच्या पसरलेल्या, कडेला विटा ठेवलेल्या, आणि टाकीच्या बोटभर सावलीत मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेली. ऊन वाढलं की मिरच्या कुरकुरीत व्हायच्या, हलवल्या की त्यांच्यातल्या बिया वाजायच्या. पान उलटताना बोटाचा लाल डाग पडायचा. सबंध महाराष्ट्राच्या नकाशावर असे डाग होते. एकदा त्याच बोटानं मी डोळा चोळला आणि रडत खाली आले. आईला वाटलं पेपर अवघड जाणार म्हणून रडतेय. "जाईल गं सोपा, उगी," असं म्हणत तिनं मला जवळ घेतलं, तेही मिरच्यांची देठं मोडलेल्या हातांनी. मग काय व्हायचं ते झालं.

मिरच्या वाळल्या की भाजणं, आणि भाजून झालं की लालबाग. तिथल्या मसाला गल्लीत डंकावर मसाला कुटून मिळतो. लोखंडी मुसळं एकामागून एक वरखाली होतात आणि सबंध गल्लीला ठसका लागतो. आई मला बरोबर न्यायची ती पिशव्या धरायला. नाकाला पदर लावून ती मुसळांसमोर बसायची आणि नजर हलवायची नाही. आधीच्या बाईचा मसाला उखळीत राहिला असेल तर तो आपल्यात येईल, ही तिला धास्ती. "झाडून घे रे बाबा नीट," असं ती डंकवाल्याला दहादा सांगायची. तोही वैतागायचा. सगळ्याच बायका हे असंच करायच्या. आपल्या मसाल्यात दुसऱ्या घरचा कण येऊ नये म्हणून तिथं एवढी राखण, आणि घरी आल्या की पदर खोचून सगळ्यात आधी काय करायच्या, तर तोच मसाला वाट्यांत भरून मजल्यावर वाटायच्या. ह्यातला विनोद लहानपणी माझ्या लक्षात आला नव्हता.

तो वानोळा. घरात नवं काही आलं किंवा केलं की त्यातलं थोडं शेजारी चवीला पाठवायचं. आमच्याकडे मसाल्याच्या वानोळ्याला एक नियम होता. ज्या घरचा मसाला त्या घरच्या नावाची वाटी. स्टीलच्या वाट्यांवर तेव्हा नाव घालून घेत असत, त्यामुळे घोटाळा होण्याचं कारण नव्हतं. आणि आलेली वाटी रिकामी परत जायची नाही. आपला मसाला झाला की तो त्याच वाटीत भरून द्यायचा. मधले दिवस ती वाटी आपल्या फळीवर उपडी पडून राहायची. मे महिन्यात आमच्या फळीवर आमच्या वाट्या कमी आणि लोकांच्या जास्त असत.

हा नियम आईला लग्न होऊन आली तेव्हा ठाऊक नव्हता. साताऱ्याकडच्या खेड्यातली मुलगी, मुंबईत येऊन आठवडाही झाला नसेल. समोरच्या खोलीतल्या कमलमावशींकडून मसाल्याची वाटी आली. आईनं मसाला डब्यात काढून घेतला, वाटी राखेनं घासून आरशासारखी लखलखीत केली आणि लगेच नेऊन दिली. वेळेवर परत केली म्हणून स्वतःवर खूश होती. संध्याकाळी कमलमावशी दारात. त्या रत्नागिरीकडच्या, आईहून चार वर्षांनी मोठ्या. डोळे भरलेले.

"आमचं काय चुकलं काय, वैनी?"

आईला काही कळेना. रिकामी वाटी म्हणजे इथून पुढे देणंघेणं बंद, असा आमच्या मजल्यावर अर्थ होता, आणि तोवर तो अर्थ पॅसेजच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचलाही होता. आईनं घाबरून घरात होतं ते त्या वाटीत भरलं. माहेरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. कमलमावशींनी तिथंच उभ्या उभ्या चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "लसूण लय घातलाय." त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या झाल्या त्या झाल्याच.

चाळ रिकामी करायची वेळ आली ती नेमकी मसाल्याच्या दिवसांत. त्या वर्षी आईची पाळी शेवटची होती. तिघींचे मसाले होऊन वाट्या आमच्याकडे आलेल्या: तांबेकाकूंची, सावंतवहिनींची आणि कमलमावशींची. आई मिरच्या आणायला निघणार तोच खोल्या सोडायचं ठरलं. मग खोकी, सुतळ्या, टेम्पो. तांबे वरळीला गेले, सावंत विरारला, कमलमावशी आणि त्यांचा मुलगा राजू परळला. आम्ही चिंचपोकळीला. तिथं ऊन यायचं नाही आणि घरमालकानं मिरच्या भाजायच्या नाहीत असं आधीच सांगितलं होतं. तिन्ही वाट्या फळीवर उपड्या पडल्या. एकदा मी त्यातल्या एका वाटीत चटणी काढली तर आईनं ती हातातून घेतली, चटणी दुसऱ्या भांड्यात ओतली आणि म्हणाली, "आपली नाय ती."

त्या काळातच कमलमावशी गेल्या. आम्ही जाऊन आलो. परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. तिकिटाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "वाटी माझ्याकडंच राहिली." अशा वेळी हिला वाटी कसली सुचते, असं मला वाटलं. मी तिचा हात धरला आणि विषय सोडून दिला.

ह्या एप्रिलमध्ये, मंडप उतरल्यावर, मी ऑफिसातून आले तर आई दार उघडून वाटच बघत होती.

"उद्या सुट्टी आहे ना? लालबागला जाऊ. मिरच्या आणायच्यात."

"अगं, दोघींना कितीसा मसाला लागतो? तू खातेस तरी किती?"

"खायला कोण म्हणतंय? वाट्या परत करायच्यात."

मी जरा चिडलेच. म्हटलं, "कुणाला आठवतंय आता? लोक बोलवतात तरी का कुणाला घरात?" त्यावर आई शांतपणे म्हणाली, "त्यांना नसंल आठवत. माझ्याकडं वाट्या आहेत." दुसऱ्या दिवशी आम्ही लालबागला गेलो.

टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं. मिरच्या वाळवायला ते उघडणार नाहीत, हे वॉचमननं नम्रपणे सांगितलं. म्हणून आईनं घरातलं ऊन शोधलं. सकाळी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, दुपारी हॉलमधल्या सोफ्यावर, आणि कलायला लागलं की माझ्या पलंगावर. त्याच्यामागून आई चादर ओढत फिरली. चार दिवस मी मिरच्यांच्या वासात झोपले आणि लाल डोळ्यांनी ऑफिसला गेले. साहेबांनी काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक आहे, मसाला चाललाय. त्यांना ते कळलं नाही आणि मीही जास्त सांगितलं नाही.

भाजायच्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पंखा लावला होता, तरी धूर दाराखालून लॉबीत गेला आणि तिथली घंटा कर्कश वाजायला लागली. दारं उघडली. इतक्या महिन्यांत ज्या दारांवरच्या पाट्याच फक्त मी वाचल्या होत्या, त्यांतून माणसं बाहेर आली आणि एकजात शिंकायला लागली. वॉचमन धापा टाकत वर आला. "आग लगी क्या?" त्याला नाक धरूनच विचारावं लागलं. आई उलथणं हातात घेऊन दारात उभी. "आग नाय बाबा, मिरच्या हायत." कुणीतरी खोकत खोकत हसलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांची माफी मागत होते आणि आई आत जाऊन पुढचा घाणा कढईत टाकत होती.

त्या घाण्याला हात लावता लावता मी तिला सुकटीचं विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. म्हटलं, तुझ्या त्या रविवारच्या सुकटीत काय असायचं, ते एकदा नीट सांग, म्हणजे मी तसाच मसाला कुटून आणते. आई धणे हलवत म्हणाली, "ती माझ्या मसाल्याची कुठं होती?"

"मग कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. आपला वर्षभराचा मसाला मोठ्या बरणीत. आलेल्या वाट्या चाखून झाल्या की एका बारक्या बरणीत ओतायची मी. तांब्यांचा, सावंतांचा, कमळीचा, वर आपला थोडा. वेगवेगळे ठेवायला एवढी भांडी कुठं होती? ती बरणी रविवारची."

मी हातातला चमचा खाली ठेवला. सावंतांच्या मसाल्यात बडीशेप असायची, तांबेकाकू खोबरं काळं होईपर्यंत भाजायच्या, कमलमावशी धणे जास्त घालत, आणि आईचा घाटावरचा, कांदालसणाचा. जी चव मी माझ्या आईच्या हातची म्हणून जपली, जिच्यासाठी दादरभर फिरले, ती आमच्या स्टोव्हवर शिजली खरी. पण ती आमच्या एकट्या घरची नव्हतीच. मला आधी थोडं वाईट वाटलं. आईची एक गोष्ट कमी झाल्यासारखं. मग लक्षात आलं, की आई हे सगळं जाणून होती. पाकिटं बदलणाऱ्या मला ती सांगत होती ते खरंच होतं. माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं.

मसाला कुटून आला. डंकवाला बदललाय, पण आईनं त्यालाही उखळ झाडायला लावलं. बरणीच्या तळाशी हिंगाचा खडा गेला, तोंडाला दादऱ्याचं फडकं बांधलं गेलं, आणि तिन्ही वाट्या घासूनपुसून भरल्या गेल्या. आईनं चांगलं पातळ नेसलं. चाळीतली माणसं आता ह्याच टॉवरमध्ये परतली होती. तांबेकाकू अकराव्या मजल्यावर, त्यांनी वाटी बघून कपाळाला हात लावला. "अहो, मी शोधून शोधून थकले हिला." सावंतवहिनी दुसऱ्या विंगमध्ये, गुडघ्यांमुळे उठल्या नाहीत, पण आईला बसवून घेतलं आणि आपल्या सुनेला वाटीवरचं नाव वाचून दाखवलं. शेवटी राहिली ती कमलमावशींची.

दार राजूनं उघडलं. चाळिशी उलटलेला, एकटाच राहतो, कॉम्प्युटरचं काम घरूनच करतो. लहानपणी ह्याच राजूच्या हातात वाट्या देऊन मावशी पॅसेजभर पाठवायच्या आणि तो वाटेत बोट घालून चाखत यायचा. आईनं वाटी पुढे केली. त्यानं वरची ताटली काढली, मसाला बघितला. मग वाटी जरा फिरवून कडेवरचं नाव वाचलं. 'सौ. कमल दा. जाधव.' नंतर नुसतं "बसा ना काकी" म्हणाला आणि खुर्चीवरचे कपडे उचलायला लागला. आई बसली नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तुझ्या आईचं राहिलं होतं."

लिफ्टमध्ये आईनं डोळे पुसले. वाट्या पोचल्या होत्या, आता तिला बरं वाटेल, असं मला वाटलं. पण त्या रात्रीही तिनं अर्धीच भाकरी खाल्ली.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात राजू. हातात तीच वाटी, वर ताटली झाकलेली.

"काकी, उशीर झाला जरा. रिकामी कशी आणणार, म्हणून." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मला करता येत नाय गं ताई मसाला. पण आई म्हणायची ना, रिकामी द्यायची नाय."

आईनं वाटी दोन्ही हातांनी घेतली. त्याला चहा दिला, खारी दिली, जेवतोस कुठे, झोपतोस कधी, सगळं विचारलं. तो गेल्यावर मी दार लावून म्हटलं, "अगं, वाटी त्यांचीच होती. त्याला परत आणायची गरजच नव्हती."

"मला काय कळत नाय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"किती नीट झाकून आणली होती. कशाला सांगू?"

तिनं ताटली काढली, चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "पाकिटातला आहे. मीठ घालतात मेले ह्यात."

"मग वेगळा ठेवू का?"

"वेगळा कशाला? जाधवांकडचा आहे." आणि तिनं फळीवरची बारकी बरणी काढली. तिच्या कडेचा टवका उडालाय, पण झाकण अजून घट्ट बसतं. तिच्यात आमचा मसाला घातला, वर राजूचा ओतला आणि चमच्यानं खालीवर केला.

दुपारी मी वांग्यात सुकट घातली. पातेल्यावर ताटली, ताटलीत पाणी. खरं सांगायचं तर ती चव आली नाही. तांब्यांचं काळं खोबरं नव्हतं, सावंतांची बडीशेप नव्हती, आणि पाकिटाचा वास वरचेवर नाकात येत होता. मी आईकडे बघितलं. ती ताटात वाकली होती. मध्येच तिला ठसका लागला, पाणी प्याली, पुन्हा वाकली. भाकरी संपली तेव्हा तिनं ताट पुढे सरकवलं.

"आहे का अजून?"

इतक्या वर्षांच्या सवयीनं मी मोजक्याच भाकऱ्या केल्या होत्या. माझ्या ताटातली उचलून तिला दिली. म्हटलं, "लागतंय का चवीला?"

"तिखट कमी पडलंय," भाकरी मोडता मोडता ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लवंगी मिरची जास्त घेऊ."

"पुढच्या वर्षी पुन्हा करायचाय?"

आईनं उष्ट्या हातानं फळीकडे बोट दाखवलं. कमलमावशींची वाटी तिथं धुऊन उपडी ठेवली होती.

"मग? ती परत नको का करायला?"